तिला जागं राहायचं होतं

झोपेच्या गोळीबद्दल आमच्या नात्यात दोन समज होते. काहींना ती विषासारखी वाटायची, काहींना पेपरमिंटसारखी. मी नर्स असल्यामुळे दोन्हीकडचे लोक मलाच विचारायचे आणि शेवटी मनाला येईल तेच करायचे.

मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात नव्वदच्या दशकात लागले. आधी वॉर्ड, मग काही वर्षं दुर्बिणीच्या तपासणीची खोली, मग परत वॉर्ड, तिथली प्रमुख म्हणून. मला याद्या करायची सवय आहे. किराणा, ड्यूट्या, लग्नघरातली भांडी, काहीही. नव्या मुलींसाठी मी वॉर्डातल्या भिंतीवर झोपेच्या औषधांचा एक कागद चिकटवला होता. औषधांची नावं आणि मात्रा फाइलमध्ये असतातच, म्हणून त्या कागदावर फक्त आपण काय करायचं तेवढंच लिहिलं होतं. गोळी उशाशी ठेवून यायचं नाही, गिळेपर्यंत उभं राहायचं. म्हातारा माणूस गोळी घेऊन एकटा संडासला जाणार नाही. सर्दीचं औषध चालू आहे का विचारायचं, त्यानेही झोप येते. पुरुषांना दारूबद्दल विचारायचं, बायको बाहेर गेल्यावर. रोज घेणाऱ्याची गोळी एकदम बंद करायची नाही. आणि खाली, मोठ्या अक्षरात: गोळी दिली हे दोघांना माहीत पाहिजे. एकाच्याच डोक्यात राहिली, की दुसरा पुन्हा देतो.

नातेवाईक हे हमखास करतात. सिस्टर विसरल्या असतील म्हणून पिशवीतली घरची गोळी काढून देतात. हेतू चांगला असतो. अशा पेशंटच्या छातीवर हात ठेवून, श्वास मोजत, मी पुष्कळ वेळा बसले आहे.

पण ही औषधं खरी काय करतात ते मला दुर्बिणीच्या खोलीत कळलं. आतड्याची तपासणी करताना पेशंटला शिरेतून गुंगीचं औषध देतात. पूर्ण भूल नसते. माणूस बोलतो, कूस बदल म्हटलं की बदलतो. ओझरकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. तपासणी चालू असताना ते पूर्ण वेळ बोलत होते. पाण्याचं, मजुरांचं, व्यापाऱ्याने भाव पाडल्याचं.

"सिस्टर, जुनी बाग काढावी का ठेवावी, तुमचं काय मत?"

"काका, मला द्राक्षं नुसती खायला कळतात."

"तेच बरंय. पिकवणारा मरतो, खाणारा जगतो," असं म्हणून ते हसले. डॉक्टरही हसले.

नंतर बाहेर आणल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, "मग कधी सुरू करताय? सकाळपासून उपाशी आहे मी."

"झालं की काका."

"गरिबाची थट्टा करता का?"

त्यांची बायको म्हणाली, "इतका वेळ आत बडबडत होतात. दारापर्यंत ऐकू येत होतं." त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

असं बहुतेकांचं व्हायचं. डोळे उघडे, उत्तरं बरोबर, आणि आत काहीच साठत नाही. म्हणून मी नव्या मुलींना सांगायचे, गुंगीतल्या माणसाला महत्त्वाचं काही सांगू नका, त्याच्या नातेवाइकाला सांगा.

आता घरचं. आमच्याकडे मयत झालं की घरातल्या मुख्य बाईला, म्हणजे विधवेला किंवा आईला, कोणीतरी झोपेचं काहीतरी देतंच. ती फार रडते, अंग टाकून देते, मयत उचलू देत नाही, म्हणून. पुरुष एकमेकांना म्हणतात, "तिला एक इंजेक्शन द्या, शांत होईल." कॉलनीतले डॉक्टर बॅग घेऊन येतात. इंदिरानगरमध्ये आमच्या आसपास असं झालं की मलाही बोलावणं यायचं, आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. मयत निघाल्यावर बघू, आधी काही नाही. लोकांना ते कठोर वाटायचं. "तुमचं काळीज दगडाचं झालंय दवाखान्यात," असं एका शेजारणीने तोंडावर सांगितलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मित्राच्या गावाहून पहाटे मोटरसायकलवर परत येत होता. विंचूरच्या पुढे कांदा भरलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बिनदिव्याचा उभा होता. मुलगा जागेवरच गेला.

मी सकाळी तिच्या घरी पोहोचले तेव्हा पुरुष शवविच्छेदनासाठी गेले होते. आणायला दुपार होणार होती. मी कामं वाटून घेतली. कोणाला फोन, स्मशानात न्यायच्या गाडीचं कोण बघणार, पाणी, सतरंज्या, तिच्या धाकट्या मुलीला कुठे ठेवायचं. मला त्या दिवशी काय वाटत होतं असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. काय काय केलं ते सगळं सांगता येतं.

जाऊ आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. मला बघून तिने माझं मनगट धरलं.

"ताई, मला काही देऊ देऊ नका कोणाला. दादाने डॉक्टरांना फोन केलाय. मला त्याला बघायचंय. नीट बघायचंय."

"नाही देणार कोणी," मी म्हणाले.

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. तो दारात उभा होता. चांगला माणूस, भाच्यावर जीव होता त्याचा. डॉक्टर आले, त्यांनी बॅग उघडली. मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं की ती स्वतः नको म्हणते आहे. ते समजूतदार होते, बॅग मिटून खुर्चीवर बसले. तिचा भाऊ चिडला.

"ताई, तुम्ही नर्स असून असं करता? तिची अवस्था बघा. वेड लागेल तिला."

"ती वेडी नाही. तिचा मुलगा गेलाय."

"चेहरा कसा असेल कोणास ठाऊक. तिने ते बघायचं?"

"तिला बघायचंच आहे. तीच म्हणते आहे. आणि आत्ता औषध दिलं तर ती बघेल, पण तिच्या लक्षात राहणार नाही."

"नाही राहिलं तर चांगलंच आहे की."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तो रडायला लागला म्हणून मी ते दिलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

देवळ्याहून आमच्या आत्याबाई आल्या होत्या. माझ्या सासऱ्यांच्या बहीण. बालपण सरतं न सरतं तोच लग्न, तिशीच्या आत विधवा, मूलबाळ नाही. दोन्ही भावांच्या मुलांना त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांना देवळ्याच्या डॉक्टरने झोपेची गोळी लावून दिली होती, ती त्या वर्षानुवर्षं घेत होत्या आणि कंबरेच्या पिशवीत सुपारीबरोबर ठेवत होत्या. मी बरेचदा बोलले होते. त्या म्हणायच्या, "तुझी गोळी वाईट, माझी चांगली हाय."

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणी चहा आणत होत्या. किटल्या येत होत्या, जात होत्या. मी बाहेर बर्फाचं बघायला गेले. परत आले तेव्हा जाऊ त्याच जागी होती, पण हात मांडीवर उलटे पडलेले होते. बोटं सैल.

"आणलं का त्याला?" तिने विचारलं.

"यायचेत अजून."

"बरं." तिने डोळे मिटले, उघडले. "आणलं का त्याला?"

शब्द जिभेवर घसरत होते. मी तिच्या पापण्या बघितल्या. मग खोलीतल्या बायकांकडे वळून विचारलं, कोणी काय दिलं. आत्याबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी दिली. चहात. काय बघत होती ती, नुसती बघत होती दाराकडं. मला बघवंना."

"किती?"

"एकच. माझ्याच पिशवीतली."

दारातून तिचा भाऊ आत आला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. त्याने मेडिकलमधून आणलेली गोळी आधीच्या चहात विरघळवून दिली होती. त्याची वेगळी, आत्याबाईंची वेगळी. दोघांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. काल रात्रीपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. डॉक्टर बाहेर खुर्चीवर रिकामे बसलेले.

मी त्यांना आत बोलावलं. आम्ही नाडी बघितली, श्वास बघितला. जिवाला धोका दिसत नव्हता, पण लक्ष ठेवायला लागणार होतं. जागं करण्यासारखं औषध घरात नव्हतं, आणि त्यासाठी तिला रुग्णालयात नेलं असतं तर तो आल्यावर ती घरीच नसती. मी तिचं तोंड धुतलं, तिला उभं केलं, व्हरांड्यात हिंडवलं, तिच्याशी बोलत राहिले. "त्याला बघायचंय ना? मग चल." ती चालत होती. पाय फरफटत होते. मला आतून माहीत होतं की तिला जागं ठेवता येईल, पण हे तिच्यात राहणार नाही.

दुपार उतरताना गाडी आली. चेहरा सुदैवाने फार बिघडलेला नव्हता, एका बाजूला कपाळाला पट्टी होती. त्याला अंगणात ठेवलं. बायकांचा एकच आकांत झाला. मी तिला काखेत धरून नेलं आणि त्याच्याजवळ बसवलं. माझा एक हात तिच्या पाठीवर होता, श्वासासाठी. दुसऱ्या हाताने मी तिची बोटं धरली होती, नखं निळी पडली तर दिसावीत म्हणून. तिने त्याच्या तोंडात पाणी घातलं. त्याची कॉलर सरळ केली. मग ती पुढे वाकली, त्याच्या अंगावर जवळजवळ कलली, आणि बराच वेळ तशीच राहिली. पुरुष घाई करत होते, उन्हं जाण्याआधी अमरधामला पोहोचायचं होतं. मी तिला मागे ओढलं तेव्हा तिने मान माझ्या खांद्यावर टाकली. त्याला उचललं, फाटकातून नेलं, तेव्हा ती झोपली होती.

ती संध्याकाळ आणि पुढची रात्र मी तिला एका कुशीवर घेऊन बसले. आत्याबाई दाराशी बसून राहिल्या.

सकाळी उन्हं खिडकीत आल्यावर तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं.

"ताई, आणलं का त्याला?"

मी सांगितलं. असं सांगताना आवाज कसा ठेवायचा ते रुग्णालयात शिकवतात, मी तसाच ठेवला.

त्यानंतरच्या दिवसांत सगळ्यांनी तिला वेगळं सांगायला सुरुवात केली. कोणी ठरवून नाही. "किती रडलीस गं, आवरत नव्हतीस." "चौघींना धरायला लागलं." तिचा भाऊ तर शपथेवर सांगत होता. ती ऐकून घ्यायची. दहाव्याला गोदावरीवरून परत आल्यावर बायका मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यातली एक लांबची नणंद, आवाज खाली करायची सवय नसलेली, म्हणाली, "पोरगा दारातून निघाला आन् माय घोरत होती. असं नाय बघितलं बाई कुठं."

दुसरी म्हणाली, "गप की, आत हाय ती."

ती आत नव्हती. पाण्याचा तांब्या घेऊन दारात होती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. ती माझ्या घरी आली, दुपारी, मी कपड्यांना इस्त्री करत होते. उभ्यानेच म्हणाली, "ताई, मी झोपले होते का?"

"हो."

"त्याला नेताना?"

"हो. पण तू आपणहून झोपली नाहीस." मी तिला खाली बसवलं आणि दोन्ही गोळ्यांचं सांगितलं, कोणी दिल्या ते नावानिशी. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "आधीचं सांगा. मी त्याला बघितलं का?"

मी सगळं क्रमाने सांगितलं. गाडी, अंगण, पाणी, कॉलर. पट्टी कोणत्या बाजूला होती. तू पुढे झुकलीस, गुंगीने तोल जात होता, मी धरलं. तिने प्रत्येक गोष्टीला मान हलवली, शिकवणीतली मुलगी हलवते तशी. शेवटी म्हणाली, "मला यातलं काहीच माझं वाटत नाही."

"औषधाने तसं होतं."

"परत कधी आठवेल?"

"नाही आठवणार."

डॉक्टर अशा वेळी बघू म्हणतात. मला ते जमलं नाही. त्यानंतर ती वर्षातून दोन-तीनदा मला ते सांगायला लावायची. मी दर वेळी तेच सांगायचे, त्याच क्रमाने, न वाढवता. भावाशी ती बोलायची. राखी बांधायची. आत्याबाईंशीही बोलायची. देवळ्याला जाऊन यायची. तिला कोणाचाही राग आलेला मी बघितला नाही. कशाचा आनंद झालेलाही नाही. धाकट्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तिने पेढे मोजून डब्यात भरले आणि झाकण लावलं.

पाच-सहा वर्षांनी आत्याबाई मोरीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. गोळी घेऊन अर्धवट गुंगीत उठल्या होत्या. ऑपरेशन नाशिकला झालं आणि नंतर ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. माझ्या घराला जिना आहे. जाऊ म्हणाली, "माझ्याकडे तळमजला आहे." तिचा नवरा तिच्याकडे बघत राहिला. ती पलंगाची जागा ठरवत होती.

डॉक्टरांनी आत्याबाईंची गोळी हळूहळू कमी करायला सांगितली होती. त्याचा तक्ता मी करून दिला आणि गोळी द्यायचं काम जावेने घेतलं. मी ड्यूटीवरून परतताना डोकवायचे. त्या दिवसांत त्या घरात आवाज ऐकू यायला लागले होते, मुख्यतः आत्याबाईंचे.

"एवढीशी? चिमणीला टाकतीस का?"

"ताईंनी लिहून दिलंय, आत्या."

"तिला काय, ती लिवत बसंल. एकदा मी लिवून देते तिला, एक दिस झोपू नको म्हून." मग माझ्याकडे वळून, "आलीस का? ये. बघ, अजून जिती हाय का ते तपास."

एका दुपारी मी नाडी बघून बसले होते. आत्याबाईंना त्या आठवड्यात झोप फार कमी लागत होती आणि बोलणं वाढलं होतं. गोळी कमी करताना असं होतं. जाऊ खाली बसून मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आत्या, त्या दिवशी तुम्ही जवळ होतात ना? त्याला आणलं तेव्हा?"

या विषयावर त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या. आत्याबाईंनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाल्या, "समोर व्हते. पायापाशी."

"मी काय केलं?"

"ही सांगत नाय का तुला?"

"तुम्ही सांगा."

"पाणी घातलंस. कपडा नीट केलास. मग वाकलीस आन् त्याच्याशी बोललीस."

मी म्हणाले, "बोलली नाही, आत्याबाई. तोल गेला होता तिचा."

"तुला काय ठाव? तू तिचं बोट बघत व्हतीस." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "कानाला तोंड लावलं व्हतं हिनं त्याच्या. व्हट हालत व्हते. लय वेळ."

जावेच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "काय बोलले?"

"नाय ऐकू आलं बाई. बाया कालवा करत व्हत्या. आन् मायलेकराचं बोलणं, मी कशाला कान देऊ."

जावेने माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी तिच्या अगदी लगत होते, माझा हात तिच्या पाठीवर होता. पाठ वरखाली होत होती ते मला चांगलं आठवतं. मी ते श्वास म्हणून मोजलं होतं. तिच्या तोंडाकडे मी बघितलं नव्हतं.

"मला नाही ऐकू आलं," मी म्हणाले.

"लय वेळ म्हणजे किती, आत्या?"

"गड्यांनी दोनदा हाका मारल्या, चला चला म्हून. तू हात केलास त्यांना, मागं न बघता. असा." आत्याबाईंनी पांघरुणातून हात काढून, थांबा म्हणतात तसा, पंजा उभा धरून दाखवला. "मग हिनं ओढलं तुला."

"आणि मग मी झोपले."

"मग झोपलीस."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिने मेथीची पानं गोळा करून चाळणीत टाकली, देठं कागदात गुंडाळली.

"म्हणजे सांगून झालं होतं माझं," ती म्हणाली. "मग झोपले."

औषध तसं काही बघत नाही, ते मला माहीत आहे. रक्तात जेवढं चढलं तेवढं चढलं. सांगून झालं की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो. ती माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले.

ती चाळणी घेऊन उठली आणि मोरीकडे गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. आत्याबाईंनी हात परत पांघरुणात घेतला आणि विचारलं, आजची गोळी त्या तक्त्यात आहे का नाही.